बाई बसलेली, पुरुष उभे!

‘‘शी! काय मेली ही थेरं!’’ असं म्हणत म्हणत आमच्या आजीने ‘राखी का स्वयंवर’चा एकही भाग चुकवला नाही. २००९ चा पावसाळा. अलिबागला माहेरी रात्रीची जेवणं आटोपली की भांडी मोरीत तशीच टाकून आई, काकू, शेजारच्या वहिनी सगळ्या टीव्हीसमोर. राखी सावंत नवरा निवडणार, त्यासाठी सोळा उमेदवार! एक तिची स्तुती करतोय, दुसरा रुसतोय.

हे सारं खोटं, हे का आम्हांला कळत नव्हतं? महिनाभरात कुठे माणूस कळतो! आणि कॅमेरा समोर असला की कोणीही गोडच बोलणार.

तरी बघत होतो. मला वाटतं, त्याचं कारण आमच्याच बैठकीच्या खोलीत होतं. त्याच वर्षी मी बी. ए. झाले होते आणि माझे ‘बघण्याचे कार्यक्रम’ चालू होते. रविवारी कांदेपोह्यांच्या बशा घेऊन खाली मान घालून जायचं, ‘उंची किती?’, ‘चष्मा कायमचा का?’ याची उत्तरं द्यायची. एका स्थळाने तर चालून दाखवायला सांगितलं. मग चार दिवसांनी निरोप, ‘पत्रिका जुळत नाही.’ आणि रात्री बघावं तर बाई ऐटीत बसलेली, पुरुष अदबीने उभे! काकू ओरडायची, ‘‘अगं, विचार त्याला, स्वैपाक येतो का!’’ तिला एवढं मोठ्याने हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुराणातली स्वयंवरं तरी कुठे एवढी मोकळी? सीतेच्या वेळी पण लावला जनकाने, द्रौपदीच्या वेळी द्रुपदाने. दमयंतीने मात्र आपल्या मनातला नळच निवडला.

२ ऑगस्टला शेवटचा भाग. नारळी पौर्णिमा तीन दिवसांवर आलेली. पण नारळीभाताचं कोणी बोलेना. राखीने टोरांटोच्या इलेश परुजनवालाला निवडलं. लग्न नाहीच, नुसता साखरपुडा. तोही काही महिन्यांत मोडला. आजीला मनापासून वाईट वाटलं, एवढी नावं ठेवूनसुद्धा.

पुढच्या वर्षी त्याच वाहिनीवर राहुल महाजन बायको निवडायला बसला. आता मुलींची रांग! आजी दोन दिवसांतच उठली. म्हणाली, ‘‘हे काय बघायचं? हे आपल्या घरी होतंच की.’’ (त्याने मार्च २०१० मध्ये डिंपी गांगुलीशी कार्यक्रमातच लग्न केलं, २०१५ मध्ये घटस्फोट झाला.) अमेरिकेतही ‘द बॅचलर’ २००२ मध्ये आला तेव्हा निवडणारा पुरुषच, बाईची पाळी पुढच्या वर्षी आली.

मी आता मुरूडला असते, शाळेत अर्धवेळ शिकवते. येत्या रविवारी आमच्या भाचीला बघायला रोह्याहून पाहुणे यायचेत. हे म्हणाले, ‘‘पोहे तूच कर.’’ मी भाचीला विचारलं, किती जणांचे करू? तर म्हणते, ‘‘मामी, थांब जरा. शनिवारी मी त्याच्याशी फोनवर बोलणारेय. मला पटला तरच पोहे भिजव.’’