शारजाहून आणायचा फोन

जुलै २०२१ च्या पुरात वेदगंगेचे पाणी चढले, रस्ते बंद झाले, वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलही मुके झाले. टॉवरची बॅटरी संपली, जनरेटरला डिझेल पोचेना. शारजाला नोकरी करणारा माझा खालाजाद भाऊ दीड दिवस आमचे नंबर फिरवत होता. फोन लागला तेव्हा त्याला रडू आवरेना. म्हणाला, "आपा, पुढच्या सुट्टीत तुमच्यासाठी सॅटेलाइट फोन घेऊन येतो. इथे दुकानात मिळतो. अम्मीची खबर तरी कळेल."

मी लगेच हो म्हटले. मग खर्चाचा हिशेब करायला बसले.

हा फोन टॉवरवर चालत नाही, थेट उपग्रहाशी बोलतो. म्हणून पुरातही तो चालतो. मात्र वर उघडे आकाश हवे; घरात, पत्र्याखाली बसून उपयोग नाही. १९९८ मध्ये ६६ उपग्रहांची इरिडियम सेवा सुरू झाली तेव्हा हँडसेट सुमारे ३००० डॉलरचा होता, म्हणजे त्या वेळचे सव्वा लाख रुपये. गिऱ्हाईक मिळेना, वर्षाच्या आत कंपनीचे दिवाळे वाजले. आज हँडसेट पाचशे ते दीड हजार डॉलरपर्यंत मिळतो, बोलणे मिनिटाला साधारण एक डॉलर. प्रीपेड कार्डाला मुदत असते, ती संपली की उरलेली मिनिटे गेली. आणि आपण साध्या मोबाइलवरून त्या फोनला लावला तर आपलाही खिसा कापला जातो. (८८१ किंवा ८८२ ने सुरू होणारा अनोळखी मिस्ड कॉल आला तर उलट फोन करू नका, ते याच कारणाने.)

पैशांची जुळवाजुळव झाली असती. पण खरी किंमत पुढे कळली.

आखातात थुराया कंपनीचा फोन उघड विकला जातो, भारतात मात्र थुराया आणि इरिडियम दोन्हींना बंदी आहे. २६/११ चे हल्लेखोर समुद्रातून आले तेव्हा त्यांच्याजवळ थुरायाचा फोन होता. त्यानंतर बंदी अधिक कडक झाली. आपल्याकडे फक्त इनमारसॅटची सेवा चालते, २०१७ पासून बीएसएनएलमार्फत, तीही दूरसंचार विभागाच्या परवानगीने. ती मुख्यतः पोलीस, सीमा दल, आपत्ती निवारण अशा यंत्रणांसाठी आहे. परवानगीशिवाय फोन जवळ सापडला की तो जप्त होतो, गुन्हा नोंदवला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाची एक धावपटू गार्मिनचे उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र घेऊन चालली होती. तिने ते स्वतःच तपासणीच्या ट्रेमध्ये उघड ठेवले होते, तरी तिला अडवले, पोलिसांकडे नेले. डोंगरात हरवू नये म्हणून बाळगलेले यंत्र!

आता आखातातून आलेला आपला एखादा मुलगा तिथे उभा आहे असे समजा. आईच्या काळजीने फोन आणला हे तो कुणाकुणाला समजावणार? कोर्टाच्या तारखा, वकिलाची फी, जप्त झालेला पासपोर्ट, तिकडे हातची गेलेली नोकरी. हा खर्च कुठल्याच दुकानाच्या पावतीवर छापलेला नसतो.

मी भावाला त्याच रात्री कळवले, "आणू नकोस. कुणी कार्टनमध्ये घालून दिला तरी घेऊ नकोस." तो थोडा नाराज झाला. मग आम्ही दुसरी सोय केली. पुण्यातल्या मामूंचा नंबर दोन्हीकडे लिहून ठेवला. रेंज मिळेल तेव्हा त्यांना एक एसएमएस करायचा, पुढे ते शारजाला कळवतील. खालाच्या फ्रिजवर जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ नंबर मोठ्या अक्षरात चिकटवला आहे. शेजारी भरलेली पॉवर बँक असते. जून लागला की ती चार्ज आहे का, हे भाऊ तिकडून दर जुम्म्याला विचारतो.