रक्तपरीक्षेचा कागद

साताऱ्यास आमच्या शेजारच्या एका सुशिक्षित कुटुंबांत घडलेली ही हकीकत आहे. सूनबाईंस चौथा महिना होता. नेहमींच्या तपासणीच्या कागदावर दोन गोष्टी निघाल्या: ई. एस. आर. वाढलेला, आणि व्ही. डी. आर. एल. सौम्य प्रमाणांत होकारार्थी. दुसऱ्या अक्षरांचा अर्थ धाकट्या दिरानें शोधून काढला आणि 'गर्मी' हा शब्द माजघरांत पोहोंचला. मग वाढलेला ई. एस. आर. हाहि पुरावाच ठरला! आठ दिवसांत सूनबाई सांगलीस माहेरीं रवाना झाल्या. चिरंजीवांचेंहि रक्त तपासावें, हें कोणास सुचलें नाहीं.

आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. वैद्यक हा आमचा विषय नव्हे. परंतु धुरावरून अग्नीचें अनुमान करतां आलें, तरी तो अग्नि कोणीं लावला हें धूर सांगत नाहीं, एवढें नैयायिकांच्या सहवासानें आम्हांस कळतें. ई. एस. आर. आणि सी. आर. पी. या परीक्षा अशाच धुराच्या. पहिलींत तांबड्या पेशी नळींत तासाभरांत किती मिलिमीटर खालीं बसतात तें पाहतात. दाह असला कीं त्या एकमेकींस चिकटून लौकर बसतात. सी. आर. पी. हें यकृतांत तयार होणारें प्रथिन; तें १९३० सालीं न्यूमोनियाच्या रोग्यांत प्रथम आढळलें. क्षय असो, संधिवात असो कीं उपदंश असो, आंकडा वाढूं शकतो. गर्भारपणांत तर ई. एस. आर. रोगावांचूनहि वाढतो. उलट, परम्यासारखें गुप्त दुखणें अंगांत असतांहि हे आंकडे सरळ असूं शकतात.

व्ही. डी. आर. एल. निराळी. वासरमान यांनीं १९०६ सालीं काढलेल्या उपदंश-परीक्षेच्याच कुळांतली ही. गंमत अशी कीं, तींत जंतूंचा शोध नसतोच. बैलाच्या हृदयांतून प्रथम काढलेल्या कार्डिओलिपिन नांवाच्या स्निग्ध द्रव्याशीं रोग्याचें रक्त कसें वागतें, एवढेंच पाहतात. कुष्ठ, हिवताप, आणि क्वचित् नुसतें गर्भारपण यांतहि ती होकार देते. येथें वाफेलाच धूर समजण्याचा धोका! म्हणून टी. पी. एच. ए. ही, खुद्द उपदंशाच्या जंतूंविरुद्ध रक्तांत झालेलीं द्रव्यें ओळखणारी, दुसरी परीक्षा करावी लागते.

सांगलीच्या डॉक्टरांनीं ती केली; ती नकारार्थी आली. कांहीं आठवड्यांनीं पुन्हा केली, तरी तेंच.

पण समजा, होकारार्थी आली असती तर? तरीहि माहेरीं धाडणें हें औषध नव्हतें. बेंझाथीन पेनिसिलीनची सुई वेळेवर मिळाली तर बाळ बहुधा सुखरूप राहतें. न मिळाल्यास गर्भपात वा मृतजन्म ओढवूं शकतो. आणि पतीची परीक्षा त्याच वेळीं व्हावयास हवी. ज्या सांगलींत 'संग्राम' संस्थेनें १९९२ पासून वेश्यावस्तींत काम केलें, तेथील स्त्रियांनीं एकमेकींस या रोगांची माहिती व निरोध देण्याचें कार्य अंगावर घेतलें. आमच्या पदवीधर माजघरास मात्र शब्द उच्चारतांना घाम फुटतो.

सासूबाई स्वतः सांगलीस जाऊन सुनेस घेऊन आल्या. चिरंजीवांनींहि अखेर आपलें रक्त तपासून घेतलें. तो कागद त्यांनीं आम्हांस दाखविला नाहीं, आणि आम्हींहि मागितला नाहीं.