नोकऱ्या आहेत, मुलंच लायक नाहीत?

रोजगार मेळाव्याच्या व्यासपीठावर, उद्योजकांच्या परिसंवादात आणि लग्नाच्या पंगतीतही एक वाक्य ठरलेलं असतं: ‘नोकऱ्या भरपूर आहेत हो, पण मुलंच लायक नाहीत.’ पाठोपाठ उपायही येतो. एखादा कोर्स लावा, बायोडेटा लिहायला आणि मुलाखतीत नीट बोलायला शिकवा, की झालं. वर्षानुवर्षं काम न मिळालेल्या माणसाबद्दल तर हे अधिकच ठासून सांगितलं जातं. इतकी वर्षं घरी बसला म्हणजे त्याच्यातच काहीतरी खोट असणार, असा हा हिशेब. सोपा आहे म्हणून खपतो. पडताळून पाहिला की बसत नाही.

पडताळायचा कसा? कौशल्य गंजलं म्हणून काम मिळत नाही, की बायोडेटातली रिकामी वर्षं बघूनच मालक अर्ज बाजूला सारतो, हे एरवी वेगळं काढता येत नाही. क्रॉफ्ट, लँग आणि नोटोविडिग्डो या अर्थतज्ज्ञांनी ते वेगळं काढलं. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत कारकुनी, विक्री आणि ग्राहकसेवेच्या सुमारे ३,००० जाहिरातींना त्यांनी सुमारे १२,००० बनावट अर्ज पाठवले. कोणत्या अर्जावर किती महिन्यांची बेकारी लिहायची, हे चिठ्ठी काढावी तसं ठरवलं होतं. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. पहिल्या आठ महिन्यांत बेकारी जसजशी लांबते, तसतशी मालकाकडून येणारी बोलावणी झपाट्याने घटतात. जो उमेदवार मुळात अस्तित्वातच नाही, त्याचं कौशल्य गंजणार कुठून? त्याहून बोलका भाग पुढचा आहे. जिथे बेकारी आधीच जास्त होती, तिथे हा परिणाम सौम्य होता. सगळेच रिकामे असतील तर मालक रिकाम्या महिन्यांना फारसं महत्त्व देत नाही. इतरांना काम मिळतंय आणि याला नाही, असं दिसलं की मात्र शंका घेतो.

आपल्याकडचा एखादा बायोडेटा समोर धरा. पदवीचं साल २०१६, खाली एमएस-सीआयटी, टायपिंग मराठी ३० आणि इंग्रजी ४०, आणि मग थेट आजची तारीख. मधली वर्षं स्पर्धा परीक्षांत गेली, हे लिहायला त्या कागदावर रकाना नसतो. ‘इतकी वर्षं काय करत होतात?’ या प्रश्नाचं उत्तर घोटून घेणं म्हणजे नोकरीची तयारी, असं मानणारे वर्ग पुष्कळ आहेत. पण तो प्रश्न समोरासमोर विचारला जाण्याआधीच अर्ज बाद होत असेल, तर घोटलेलं उत्तर ऐकणार कोण?

मग प्रशिक्षण बिनकामाचं का? नाही. दक्षिण आफ्रिकेत काम शोधणाऱ्या तरुणांच्या कौशल्यांची चाचणी घेऊन एक प्रयोग झाला. काहींना निकाल मालकाला विश्वासाने दाखवता येईल अशा प्रमाणपत्रावर दिला. काहींना तो फक्त स्वतःपुरता कळवला. आपल्याला काय येतं आणि कुठे अर्ज करावा, याची जाण दोन्ही गटांत सारखीच सुधारली. नोकरी आणि कमाई मात्र पहिल्या गटात जास्त वाढली. माणूस तोच, ज्ञान तेच. फरक पडला तो मालकाच्या हाती काय पोचलं याने.

यावर एक रास्त आक्षेप आहे: लांबलेली बेकारी माणसाला आतून खचवते, हे खोटं का? मुळीच नाही. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावी गिरणी बंद पडल्यावर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. हाताशी वेळच वेळ आणि वाचनालयाची फी माफ, तरी लोकांनी पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. रोजच्या वेळेची शिस्त, चारचौघांत वावरण्याचा सराव हे पुन्हा बसवावं लागतं, आणि चांगलं प्रशिक्षण ते करतं. पण त्या गावात बंद गिरणी आधी आली, मरगळ नंतर. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करून वर उपदेश करायचा, हे चीड आणणारं आहे.

मालकाच्या हाती काय पोचतं, या कसोटीवर महाराष्ट्राची २०२४ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पाहावी. बारावी पास उमेदवाराला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन; सुरुवातीला सहा महिने, पुढे मुदत वाढून अकरा. प्रत्यक्ष आस्थापनेत काम, म्हणजे दिशा बरोबर. पण शेवटच्या प्रमाणपत्रावर नुसता कालावधी असेल तर पुढचा मालक त्यातून काय वाचणार? आवक-जावक सांभाळली, ऑनलाइन अर्ज तपासले, अमुक सॉफ्टवेअर चालवलं, असं कामाचं नाव घेऊन लिहिलेलं आणि वरिष्ठाच्या सहीचं असेल, तर बायोडेटातली ती रिकामी जागा थोडी तरी भरते.

बाकीचे समज थोडक्यात. ‘शिकलेल्याला काम मिळतंच’: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४च्या भारतविषयक अहवालात तरुण पदवीधरांतली बेकारी २९.१ टक्के आहे, निरक्षर तरुणांतली ३.४. पदवीधर वाट बघतो, कारण घर त्याला काही काळ पोसू शकतं. ‘प्रशिक्षणामुळे नोकऱ्या तयार होतात’: फ्रान्समधल्या मोठ्या प्रयोगात नोकरी शोधायला मदत मिळालेल्यांचा फायदा अंशतः मदत न मिळालेल्यांच्या जागा जाऊन झाला, विशेषतः जिथे कामंच कमी होती तिथे. ‘सहा महिन्यांत नोकरी लागली नाही, योजना फसली’: कार्ड, क्लूव आणि वेबर यांनी अशा योजनांचे दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. सरासरी परिणाम सुरुवातीला शून्याच्या आसपास होता, दोन-तीन वर्षांनी वाढत गेला, आणि दीर्घकाळ बेकार असलेल्यांत तो अधिक होता. प्रशिक्षण संपताच उमेदवारांची नोंद ठेवणं बंद केलं, तर हा परिणाम कोणाच्याच कागदावर येणार नाही.