चमचा किती, तोळा किती?

शार्ङ्गधराने आपल्या संहितेचा आरंभ मानपरिभाषेने केला आणि मागध व कालिंग ही दोन्ही माने वैद्यांसमोर ठेवली. परंतु आपल्या चिकित्सालयांतून प्रत्यक्षात औषध ज्या मानाने पोटात जाते, ते या दोहोंपैकी एकही नव्हे. ते मान म्हणजे रुग्णाच्या घरचा चमचा.

काही वर्षांपूर्वी मलावष्टंभाने त्रस्त असलेल्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही रात्री दोन चमचे एरंडतेल लिहून दिले. आमच्या मनात दहा मिलिलीटर होते. सूनबाईंनी हाताशी आलेला वाढायचा चमचा वापरला. पहाटेपर्यंत आजोबा इतके गळून गेले, की त्यांना सलाईन लावावे लागले. तो चमचा मागवून आम्ही सिरिंजने पाणी भरून पाहिले. त्यात पंधरा मिलिलीटर मावले. म्हणजे मात्रा तिप्पट झाली होती. दोष सूनबाईंचा नव्हता. 'चमचा' हा मोघम शब्द आम्हीच लिहिला होता.

त्यानंतर काही दिवस आम्ही येणाऱ्या प्रत्येक रुग्णास घरचा चमचा आणावयास सांगितले. चहाचा म्हणून आणलेल्या चमच्यांपैकी एखाद्यात चार मिलिलीटरही मावेना, तर एखाद्यात आठ सहज मावत. चूर्णाची गत तर याहून बिकट. पाच मिलिलीटरच्या चमच्यात सपाट भरलेले त्रिफळा चूर्ण अडीच-तीन ग्रॅमच्या आसपास भरते. शीग लावली की आकडा कुठल्या कुठे जातो. अविपत्तिकरात साखर असल्याने तोच चमचा अधिक वजन दाखवितो. आसवारिष्टांच्या बाटलीबरोबर काही औषधनिर्माते खुणांचे टोपण देतात, मग चूर्णाच्या डबीत मापाचा चमचा का असू नये? औषधालयांच्या चालकांनी एवढे केले तरी वैद्यांचा निम्मा भार हलका होईल.

मधु आणि घृत यांच्या बाबतीत चमचा आपल्याला विशेष फसवितो. समप्रमाणातील मधु-घृत मात्राविरुद्ध होय, म्हणून आपण विषम प्रमाण सांगतो. कर्ष, पल ही माने मात्र वजनाची आहेत. पाच मिलिलीटर मध सुमारे सात ग्रॅम भरतो, तेवढेच पातळ तूप साडेचार ग्रॅम. 'मध एक चमचा, तूप दीड चमचा' असे सांगितले, की दोहोंचे वजन जवळजवळ सारखे होते! जे टाळावयाचे तेच आपण लिहून देतो. आम्ही आता एकास दोन असेच सांगतो. मग मध अधिक असो वा तूप, वैषम्य नि:संशय राहते.

तोळ्याचाही असाच घोटाळा आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि पुढे सराफाचा तोळा सोयीसाठी दहा ग्रॅमचा झाला. भारतीय आयुर्वेदिक योगसंग्रहाने कर्ष बारा ग्रॅम व पल अठ्ठेचाळीस ग्रॅम धरले आहे. सर्व घटक एकाच तोळ्याने मोजले तर योगाचे प्रमाण बिघडत नाही. परंतु द्रव्ये सराफी तोळ्याने आणि गूळ योगसंग्रहाच्या ग्रॅमने घेतला, तर पाकात सहाव्या हिश्शाची तूट येते. ग्रंथातील 'तोळा' वाचताना तो कोणत्या काळचा व कोणाचा, हे टिपून ठेवणे म्हणूनच अगत्याचे.

क्वाथासाठी मात्र एक घरगुती युक्ती आम्हांस उपयुक्त वाटली. एक पल भरडीस ७६८ मिलिलीटर पाणी घालून ९६ उरवावयाचे, हे स्वयंपाकघरात कोण मोजणार? प्रथम पातेल्यात भरड व केवळ ९६ मिलिलीटर पाणी घालावे, स्वच्छ काडी तळाशी उभी टेकवून ओल्या रेषेवर खूण करावी आणि मग उरलेले पाणी ओतावे. उकळताना अधूनमधून पातेले आचेवरून उतरवून काडी बुडवून पाहावी. ओल खुणेवर आली की क्वाथ झाला. नव्या रुग्णास आम्ही ही काडी आमच्याच ओट्यावर करून दाखवितो आणि औषधपत्रावर 'चमचा' या शब्दापुढे कंसात मिलिलीटर लिहितो.