मस्तिष्क पक्षाघात, प्रसूतिजन्य

मस्तिष्क पक्षाघात, प्रसूतिजन्य : अपक्व मेंदूला जन्मापूर्वी, प्रसूतीच्या वेळी वा शैशवात इजा पोहोचल्यामुळे हालचाल व अंगस्थिती यांत निर्माण होणाऱ्या कायमच्या विकारास मस्तिष्क पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) म्हणतात. मूळ इजा वाढत नाही. मात्र मूल वाढते तशी लक्षणे पालटतात. दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २ ते ३ बालकांत हा विकार आढळतो. हातापायांचे स्नायू ताठर होणे, हा त्याचा सर्वांत सामान्य प्रकार होय. अनेकांची बुद्धी शाबूत असते. परंतु बोलणे अस्पष्ट असल्याने ती नाहीच असे धरले जाते आणि मुलाचे शिक्षण थांबते.

विल्यम जॉन लिटल या इंग्रज शल्यचिकित्सकांनी १८६१ मध्ये या विकाराचा संबंध अडलेली प्रसूती, अकाली जन्म व श्वासावरोध यांच्याशी जोडला. उलट, फ्रॉइड यांनी १८९७ मध्ये अशी शंका मांडली, की कठीण प्रसूती हे कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचे ते लक्षण असू शकेल. आधुनिक संशोधन बऱ्याच अंशी फ्रॉइड यांच्या बाजूचे आहे. अकाली जन्म, गर्भावस्थेतील संसर्ग व नवजाताची तीव्र कावीळ ही कारणेही महत्त्वाची आहेत. केवळ प्रसूतीतील प्राणवायूच्या अभावामुळे झालेली प्रकरणे त्यामानाने थोडी असतात.

न्यायालयात वाद होतो तो याच मुद्द्यावर. ‘बाळ जन्मतः रडले नाही’ एवढे सांगणे पुरत नाही. काळजीत हयगय झाली आणि तिच्यामुळेच इजा झाली, हे दोन्ही सिद्ध करावे लागते. गर्भाच्या हृदयठोक्यांच्या नोंदी, प्रसूतीचा आलेख, नवजात विभागाचे कागद व मेंदूची एमआरआय प्रतिमा ही त्यासाठीची साधने होत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात व मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्या लागतात. विकाराचे निदान मात्र मूल बसत वा चालत नाही असे दिसल्यावर, म्हणजे पुष्कळदा वर्ष-दीड वर्षाने होते. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोनच वर्षांची असल्याने कुटुंबाच्या हाती फारसा अवधी उरत नाही.

मराठवाड्यात अंतराचीही अडचण आहे. किनवट वा माहूर भागातील अडलेली स्त्री ग्रामीण रुग्णालयातून नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठविली गेल्यास उशीर कोठे झाला, हे पाठवणीच्या चिठ्ठीवरील वेळेवरून ठरते. ती जपून ठेवणे श्रेयस्कर. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे रुग्णालय लातूर जिल्ह्यात व कुटुंब नांदेडात, असेही घडते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने (अंमल २०२०) तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली आहे.

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरविले. परंतु सर्वांना विनामूल्य सेवा देणारी रुग्णालये त्यातून वगळली. त्यांच्याविरुद्ध दिवाणी दावा लावता येतो. तेथे शासनाला दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. मुलाच्या स्वतःच्या दाव्याची मुदत ते अज्ञान असेतो सुरू होत नाही. आईबापांच्या दाव्यास ही सवलत नाही. स्त्रिया, बालके व अपंग व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. फौजदारी गुन्ह्यास मात्र घोर निष्काळजीपणा लागतो, असा २००५ चा निर्णय आहे.

दिवाणी मार्ग किती लांबतो, याचे उदाहरण मराठवाड्यातीलच आहे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये प्रसूतीनंतरच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेत स्त्रीच्या पोटात टॉवेल राहिला व ती दगावली. कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपये देवविले, उच्च न्यायालयाने शासनाला मुक्त केले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, म्हणजे तेहेतीस वर्षांनी, शासनाला पुन्हा जबाबदार धरले. मुलाच्या मेंदूस झालेल्या इजेबद्दल मूल व आईबाप या दोघांनाही भरपाई मिळू शकते, हे १९९८ मध्ये स्पष्ट झाले.

दोष कोणाचाही नसला, तरी काही हक्क राहतातच. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाप्रमाणे ४० टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना मोफत शिक्षण आहे. लवकर सुरू केलेल्या भौतिकोपचारांचा व वाचोपचारांचा बराच उपयोग होतो. लातूरजवळ हरंगुळ येथे संवेदना सेरेब्रल पाल्सी विकसन केंद्र हे काम करते. अठरा वर्षांनंतर पालकत्वाची गरज भासल्यास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो.