गोराईचा डोंगर झाकला, पण कचरा?
(लेखमाला : शहराची यंत्रं – लेखांक ७)

मागच्या आठवड्यात आपण १९२७ पासून शहराचा कचरा झेलणाऱ्या देवनारला होतो. आज बोरिवली पश्चिमेला, गोराई खाडीच्या काठी जाऊ. बोटीने पॅगोडा बघायला जाणाऱ्या नव्या माणसाला इथली गवताळ टेकडी निसर्गाची करणी वाटेल. ती पालिकेची करणी आहे!

१९७२ पासून इथे डम्पिंग सुरू होतं. १९८५ नंतर जागतिक बँकेच्या मदतीने चारकोप-गोराईची वसाहत उभी राहिली आणि कचऱ्याच्या शेजारी माणसं राहायला आली. मग धूर, माश्या, दुर्गंधी, तक्रारी आणि शेवटी कोर्टकचेरी. २००७ अखेर गाड्या थांबल्या, तेव्हा सुमारे २० हेक्टरांवर सरासरी २६ मीटर उंच ढीग साचला होता. कचरा २३ लाख टनांच्या पुढे.

असा ढीग नुसता मातीने झाकून भागत नाही. आपल्या कचऱ्यात ओलं फार: भाजीची देठं, शिळा भात, मासळीची घाण. आत हवा पोचत नाही, त्यामुळे गोबरगॅसच्या टाकीत चालतं तेच ढिगाच्या पोटात चालतं. निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. शिवाय पावसाचं पाणी ढिगातून झिरपून काळंकुट्ट होतं आणि खाडीतल्या तिवरांकडे वाहतं.

गोराईत आधी ढिगाचे कडे उतरते केले. खाडीच्या बाजूला जमिनीत खोलवर लोखंडी पत्र्यांची भिंत ठोकली. वर जाड प्लास्टिकचा थर, त्यावर माती, मातीवर गवत. ढिगात विहिरी खणून भोकं पाडलेले पाइप सोडले. पंप या पाइपांतून वायू ओढून बंद भट्टीकडे नेतो आणि तिथे तो जाळला जातो. जाळणं विचित्र वाटेल, पण जळल्यावर मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे उपद्रव कित्येक पटींनी घटतो.

खरी गंमत पैशाची आहे. क्योटो करारानुसार विकसनशील देशात असा वायू रोखला की त्याची प्रमाणपत्रं श्रीमंत देशांना विकता येत. त्या भरवशावर आशियाई विकास बँकेच्या कार्बन निधीने पालिकेला आगाऊ रक्कम दिली. परदेशाच्या पापाचे पैसे गोराईच्या घाणीवर! पण २०१२ पर्यंत या प्रमाणपत्रांचा भाव एका युरोच्याही खाली घसरला आणि या वाटेने शहरं सुधारण्याचं स्वप्न तिथेच विरलं. तसंही नवा कचरा न पडणाऱ्या ढिगातला वायू दरवर्षी कमीच होत जातो.

गोराईचं काम चोख झालं, हे कबूल करायलाच हवं. पण रोजच्या गाड्यांचं तोंड फक्त मुलुंड, देवनार आणि कांजूरमार्गकडे वळलं. यंत्राने ढीग सुधारला, ढीग होण्याची सवय नाही. ती तुमच्या-माझ्या डब्यापाशी सुटते. रोज १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा पालिकेचा आग्रह २०१७ पासून आहे. तुमच्या सोसायटीत तो जिरतो का, हे येत्या सभेत सचिवांना विचारा.

(पुढच्या आठवड्यात : ढीग न झाकता उकरून काढणारं मुलुंड)