जुना तांदूळ आणि नवी पिढी

“मुलांवर संस्कार राहिले नाहीत,” ही तक्रार हल्ली पेढीपेढीवर ऐकू येते. आम्हीही ती पुष्कळ वर्षे केली. परंतु संस्कार देणे म्हणजे मुलाला आपल्याच गादीवर बसविणे नव्हे, हे आम्हांस फार उशिरा उमगले. ते कसे, एवढेच येथे प्रांजळपणे नमूद करतो.

२००८ साली आमच्या धाकट्या चिरंजीवाने दुकानात बसण्यास नकार दिला. बेळगावातील आमचा घाऊक तांदळाचा व्यापार तीन पिढ्यांचा! आम्ही संतापून म्हणालो, “घराण्याचे वळण सोडतोस?” तो खाली मान घालून म्हणाला, “अप्पा, मी बारा वर्षांचा असताना आपल्या वखारीत जुन्या तांदळात नवा मिसळून जुन्याच्या भावाने विकला. मी विचारले, तेव्हा तुम्ही मला गप्प बसविलेत. त्याच आठवड्यात पाठशाळेत अचौर्याणुव्रताचा पाठ झाला. यांतले घराण्याचे वळण कोणते?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. जुना तांदूळ फुगतो, मोकळा शिजतो, म्हणून त्यास भाव अधिक. मिसळ गिऱ्हाइकास चटकन ओळखू येत नाही. खोटी मापे व भेसळ हे अचौर्याणुव्रताचे अतिचार होत, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. आम्हांस ते पाठ होते. मुलाने ते मनावर घेतले होते.

चार महिने आम्ही त्याच्याशी बोललो नाही. अखेर त्यास जाऊ दिले. त्या हंगामापासून आमच्या प्रत्येक पोत्यावर पिकाचे साल लिहिले जाते. पहिल्या वर्षी नफा घटला, दोन जुनी गिऱ्हाइके तुटली; तरी वखारीत आता कोणाचीही नजर चुकवावी लागत नाही.

सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनीही घरचा पिढीजात व्यापार सोडून रेल्वेची कंत्राटे घेतली, आणि १९१९ साली सिंदिया जहाज कंपनीच्या स्थापनेत पुढाकार घेतला. गादी सोडली म्हणजे घर सुटले, असे नव्हे.

चिरंजीव आज पुण्यास कारखान्यात नोकरी करतो. तेथे रात्री जेवतो की नाही, हे आम्ही विचारीत नाही. घरी आला, की सूर्यास्तापूर्वी आपणहून पानावर येऊन बसतो.

सभासद बंधूंस विनंती एवढीच, की मुलांना उपदेश करण्यापूर्वी आपली वखार एकदा त्यांच्या नजरेने पाहावी. संस्कार तेथूनच उचलले जातात.